तंबोऱ्याचा गांधार चुकीचा कसा?
रियाजाच्या ॲपमध्ये तंबोरा लावून माझी विद्यार्थिनी शुद्ध गांधारावर थांबली, की पडद्यावरची रेघ लाल होते: स्वर उतरला. उतरला कुठे? जवारी नीट लागलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो गांधार आपोआप ऐकू येतो, तो षड्जाशी ५:४ या नात्याचा, म्हणजे ३८६ सेंटचा. ॲपची मोजपट्टी पियानोची. तिच्यावर गांधार ४०० सेंटला. कानाला एक गांधार ऐकवायचा आणि डोळ्यांपुढे दुसरा मागायचा! सुरांच्या याच तक्रारीसह इतर कारणं देत ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली होती. (ती अतीच होती.) पण पेटी निदान गाणाऱ्याला बेसूर ठरवत नव्हती. दरबारीतल्या आंदोलित गांधाराचं तर बोलायलाच नको. ॲपवाल्यांनी आधी मोजपट्टी बदलावी. तोवर मी विद्यार्थ्यांना पडदा झाकून गायला सांगते.