रक्तातला खोटा हुकूम



पोटभर जेवूनही वजन उतरते, छातीत धडधडते, हात थरथरतात, उकाडा सोसत नाही, झोप लागत नाही. घरातल्या सुनेला असे होऊ लागले की ‘बाहेरचे लागले’ असे म्हणणारे देहूरोड-विकासनगरच्या आपल्या वस्त्यांतही भेटतात. डोळे बटबटीत दिसू लागले की अंगारेधुपारे सुरू होतात. हा थायरॉईडचा आजार असू शकतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांना तो कितीतरी जास्त होतो.

थायरॉईड ही गळ्यातली ग्रंथी. मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी टीएसएच सोडून तिला कामाचा हुकूम देते. काम पुरेसे झाले की हुकूम थांबतो. ग्रेव्ह्ज नावाच्या आजारात मात्र रक्तात दुसराच एक घटक तयार होतो. कारखान्यात सुपरवायझरने मशीन बंद करायला सांगावे आणि तिसऱ्यानेच बटण दाबून धरावे, तसा हा प्रकार. ग्रंथी रात्रंदिवस चालूच राहते.

१९५६ साली न्यूझीलंडमध्ये ॲडम्स व पर्व्ह्ज यांनी हा घटक दाखवून दिला. रुग्णांचे रक्तजल गिनीपिगला टोचले, तेव्हा त्याची ग्रंथी टीएसएचने राहते त्याहून कितीतरी जास्त वेळ चेतलेली राहिली. पुढे समजले की ही प्रतिपिंडे आहेत. रोगजंतूंशी लढण्यासाठी शरीर प्रतिपिंडे बनवते. ही मात्र आपल्याच ग्रंथीला चिथावतात. यात कोणाची करणी नाही, पेशंटचा दोषही नाही.

टी३, टी४ आणि टीएसएच या रक्ततपासण्यांनी आजार कळतो. यात टीएसएच कमी येते. गोळ्या, किरणोत्सारी आयोडीन आणि शस्त्रक्रिया हे तीन उपचार आहेत. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये १९६३ पासून थायरॉईडचे काम चालते. गरोदरपणी मात्र किरणोत्सारी आयोडीन देत नाहीत.

गोळ्या बहुधा वर्ष-दीड वर्ष घ्याव्या लागतात. बरे वाटले म्हणून मनाने बंद करू नयेत. गोळ्या चालू असताना ताप आला किंवा घसा दुखला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासून घ्यावे. विडी-सिगारेटने डोळ्यांचा त्रास वाढतो, ती सोडावी.

भगिनींनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ग्रंथी काढली तरी हा घटक रक्तात राहू शकतो आणि नाळेतून बाळापर्यंत पोचतो. म्हणून गरोदरपणी जुना आजार डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावा.

सुनेला बोल लावण्याआधी तिचे रक्त तपासा. अंगाऱ्यावर जाणारा पैसा तपासणीवर जाऊ द्या.