वर्तमानपत्राचं तिकीट

ब्रिटिश गयानाचं १८५६ सालचं एक सेंटाचं तिकीट जगात एकच उरलंय, हे प्रत्येक संग्राहकाला पाठ असतं. पुढचा प्रश्न ठरलेला: किंमत किती? ते एकच का उरलं, हे क्वचितच कुणी विचारतं.

या वसाहतीची तिकिटं लंडनच्या वॉटरलो कंपनीकडून छापून येत. त्या वर्षी साठा वेळेवर पोचला नाही. जॉर्जटाउनचे पोस्टमास्तर डाल्टन यांनी मग ‘ऑफिशियल गॅझेट’ छापणाऱ्या बॉम आणि डॅलस यांना तात्पुरती तिकिटं छापायला सांगितलं. त्यांनी मधोमध एक जहाज छापून दिलं. डाल्टनना ते काम मुळीच पसंत पडलं नाही. असलं तिकीट कुणीही छापेल, या धास्तीनं त्यांनी कारकुनांना विक्रीआधी प्रत्येक तिकिटावर सही करायला लावली. उरलेल्या तिकिटावर ‘ई. डी. डब्ल्यू.’ अशी आद्याक्षरं आहेत, वाइट नावाच्या कारकुनाची. मला विचाराल तर खरा ऐवज ही सही.

याच छपाईतली चार सेंटाची तिकिटं पत्रांसाठी होती. ती बऱ्यापैकी टिकली, कारण पत्रं माणसं पेटीत जपतात. एक सेंट हा वर्तमानपत्राचा दर. वाचून झालेला अंक कोण ठेवतो? तो रद्दीत गेला आणि वेष्टनावरचं तिकीटही त्याच्याबरोबर गेलं. म्हणजे दुर्मीळ झालं ते सगळ्यात स्वस्त तिकीट.

१८७३ मध्ये एका बारा वर्षांच्या मुलाला ते घरातल्या जुन्या कागदांत सापडलं. कोपरे कापलेले, रंग काळवंडलेला. त्यानं ते सहा शिलिंगांना विकून टाकलं. (पुढच्या मालकांच्या तऱ्हा पाहता मुलगाच शहाणा म्हणायचा.) १९८० साली जॉन ड्यू पाँट यांनी त्यासाठी ९,३५,००० डॉलर मोजले, पुढे ते खुनाच्या गुन्ह्यात तुरुंगात गेले आणि तिकीट तिजोरीत पडून राहिलं. २०१४ मध्ये पादत्राणांचे नामांकित डिझायनर स्टुअर्ट वाइट्समन यांनी ते जवळपास ९५ लाख डॉलरना घेतलं आणि त्याच्या पाठीवर चक्क उंच टाचेच्या बुटाचं चित्र काढलं.

२०२१ च्या लिलावात ते सुमारे ८३ लाख डॉलरना, म्हणजे आधीपेक्षा कमीतच, स्टॅन्ले गिबन्स कंपनीकडे गेलं. कंपनीनं त्याचे ८०,००० हिस्से पाडले आणि एकेक हिस्सा १०० पौंडांना विकायला काढला. तिकीट अर्थातच अखंड आहे. हिस्सेदाराला ते घरी नेता येत नाही.