तुकडे तेच, गोधडी मात्र वेगळी

बाबांचे जुने शर्ट, आजीची विरलेली सुती साडी, मुलांचे आखूड झालेले फ्रॉक... असं एखादं गाठोडं तुमच्याही कपाटात असेल. टाकवत नाही आणि वापरताही येत नाही. गोधडी करायचं मनात असतं, पण कात्री हातात घेतली की धीर होत नाही. साहजिकच आहे. कापलेला शर्ट पुन्हा अखंड होत नाही. म्हणून आज कात्रीच्या आधीचं काम पाहू या : गोधडीची आखणी.

आपल्याकडे जुन्या साड्या एकावर एक अंथरून धावदोऱ्याने गोधडी शिवतात. अमेरिकेतल्या बायकांनी आणखी एक पद्धत रुळवली. आधी लहान तुकडे जोडून चौकोनी ब्लॉक करायचे, ब्लॉक जोडून वरचा थर बनवायचा आणि मग त्याखाली कापूस व अस्तर घालून शिवायचं.

सुरुवात नाइन पॅचने करा

तीन ओळी, प्रत्येक ओळीत तीन चौकोन. चार कोपरे आणि मधला चौकोन गडद, उरलेले चार फिके. सगळीकडे पाव इंच शिलाई धरा. म्हणजे 4 इंचांचा चौकोन हवा असेल तर साडेचार इंचांचा कापा. तयार ब्लॉक 12 इंचांचा होईल.

असे 18 ब्लॉक करा आणि साध्या कापडाचे 17 चौकोन साडेबारा इंचांचे कापा. एकाआड एक मांडून पाच ब्लॉकच्या सात ओळी केल्या की 5 फूट बाय 7 फुटांची गोधडी होते. त्यासाठी 90 गडद आणि 72 फिके तुकडे लागतील. मांडल्यावर गडद तुकड्यांच्या तिरप्या साखळ्या आपोआप दिसू लागतात. एकट्या ब्लॉकमध्ये त्या इतक्या लांब दिसत नाहीत!

ब्लॉक फिरवून पाहा

लॉग केबिन हा दुसरा जुना ब्लॉक. मध्ये लहान चौकोन, बहुतेकदा लाल. तो म्हणजे घरातली चूल, असं मानतात. त्याभोवती पट्ट्या जोडत जायचं : लगतच्या दोन बाजूंना फिक्या, उरलेल्या दोन बाजूंना गडद. ब्लॉक तिरपा विभागल्यासारखा दिसतो. चार ब्लॉकच्या फिक्या बाजू आत वळवल्या तर मध्ये फिका चौकट आकार उमटतो. सगळ्यांची तिरपी विभागणी एकाच दिशेने ठेवून एकाआड एक ब्लॉक उलटा (अर्धा फेरा) फिरवला तर नांगराच्या तासांसारखे तिरपे पट्टे दिसतात. ब्लॉक तेच, फक्त फिरवले.

म्हणून ब्लॉक जोडण्याआधी जमिनीवर मांडा आणि मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. लाल आणि हिरवा डोळ्यांना वेगळे वाटतात, पण फोटोत दोन्ही सारखेच करडे दिसले तर नक्षी उठून दिसणार नाही. रंगापेक्षा गडद-फिका भेद महत्त्वाचा.

जपलेलं कापड शेवटी कापा

अलाबामातल्या जीज बेंड या गावात शेतमजूर कृष्णवर्णीय कुटुंबांतल्या बायका कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. नवरा गेल्यावर मिझुरी पेटवे यांनी 1942 मध्ये त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी आणि त्याच मायेच्या उबेत झोपता यावं, एवढीच त्यांची इच्छा होती. 2002 मध्ये या गावातल्या गोधड्यांचं प्रदर्शन ह्यूस्टनच्या संग्रहालयात भरलं. अशा काही गोधड्यांवर काढून टाकलेल्या खिशांच्या जागा अजून गडद दिसतात.

तुम्हीही शर्टाच्या खिशाची ती खूण जपून ठेवू शकता. फक्त घाई नको. पहिले दोन ब्लॉक जुन्या चादरीचे शिवून माप तपासा. कपडे धुऊन, इस्त्री करून घ्या. रंग जातोय का बघा. विरलेला भाग वगळा. मग मांडणी ठरवा. बाबांचा शर्ट किंवा आजीची साडी कुठे बसणार, हे नक्की झाल्यावरच तिथे कात्री लावा. घरातल्यांनाही मांडणीला बसवा. कुठला तुकडा कोणाच्या उशाशी येणार, हे त्यांनाच ठरवू द्या.