'फिट' असल्याचा कागद आणि मुहम्मद अलीचे शेवटचे कमबॅक



निवृत्त झालेला मोठा खेळाडू पुन्हा मैदानात उतरतो म्हटले की आपल्या अंगावर रोमांच उभे राहतात. 'वाघ परतला', 'वय हा फक्त आकडा आहे' असे मेसेज फिरू लागतात. मीही खेळाचा चाहता आहे. पण या कौतुकातला एक शब्द डॉक्टर म्हणून मला खटकतो, आणि तो शब्द आहे 'फिट'. हा शब्द किती फसवा असू शकतो, हे सांगण्यासाठी आज जगातल्या सर्वांत लाडक्या हेवीवेट बॉक्सरची गोष्ट सांगतो.

मुहम्मद अली दोनदा परत आला. पहिल्यांदा १९७० मध्ये. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला नकार दिल्याने १९६७ मध्ये त्याचे विजेतेपद आणि परवाना दोन्ही गेले होते. साडेतीन वर्षांनी तो परतला तेव्हा २८ वर्षांचा होता. १९७४ मध्ये किन्शासात त्याने जॉर्ज फोरमनला हरवून विजेतेपद परत मिळवले. ते कमबॅक खरेच थोर होते. माझे भांडण त्याच्याशी नाही.

माझे भांडण आहे दुसऱ्या कमबॅकशी, आणि त्यापेक्षाही जास्त, ते होऊ देणाऱ्यांशी.

किन्शासाचा सामना अलीने कसा जिंकला ते आठवा. दोरांना टेकून त्याने फोरमनचे ठोसे अंगावर घेतले आणि त्याला दमवले. आपण त्याला 'डावपेच' म्हणून टाळ्या दिल्या. पुढच्याच वर्षी मनिलात जो फ्रेझरशी १४ फेऱ्यांची भयानक लढत झाली. १९७७ मध्ये अर्नी शेव्हर्ससारख्या दणकट ठोसेबाजाविरुद्ध तो १५ फेऱ्या उभा राहिला. त्या सामन्यानंतर त्याचे डॉक्टर फर्डी पाचेको यांच्या हाती तपासणीचा अहवाल आला. मूत्रपिंडे नीट काम करत नव्हती. त्यांनी अहवालाच्या प्रती अलीला, त्याच्या पत्नीला, व्यवस्थापकाला आणि प्रशिक्षकाला पाठवल्या. कुणाचेही उत्तर आले नाही. पाचेको त्या चमूतून बाहेर पडले. इतरांनी अलीला सोडले नाही, म्हणून ते निष्ठावान ठरले. खरी निष्ठा कोणाची होती, ते तुम्हीच ठरवा.

१९७९ मध्ये अली निवृत्त झाला आणि १९८० मध्ये लॅरी होम्सशी लढायला पुन्हा उभा राहिला. वय ३८. त्याचे बोलणे जड झाल्याचे लोकांच्या कानाला जाणवू लागले होते. शंका दूर करण्यासाठी त्याची मेयो क्लिनिकमध्ये तपासणी झाली. एका पायावर उडी मारताना आणि बोट नाकाला लावताना थोडी अडचण दिसली. पण लढायला मनाई करावी असे काही सापडले नाही, असा निष्कर्ष निघाला. नेवाडा राज्याने परवाना दिला. झाला अली 'फिट'!

इथे जरा थांबा. बोट नाकाला लावायची चाचणी तुमच्यापैकी अनेकांनी दिली असेल. ती साधी दिसते, पण तिच्यातून लहान मेंदूचा तोल कळतो. एखाद्या सामान्य माणसात तिथे किंचित चूक झाली तर आम्ही म्हणतो, "लक्ष ठेवू या." पण ज्याला पुढच्या काही महिन्यांत जगातल्या सर्वोत्तम ठोसेबाजाचे ठोसे डोक्यावर घ्यायचे आहेत, त्याच्यासाठी त्याच चुकीचा अर्थ 'बस, आता पुरे' असा होतो. तपासणी तीच असली तरी प्रश्न वेगळा होता. डॉक्टरांना विचारले गेले, "आज काही मोठे बिघडले आहे का?" विचारायला हवे होते, "अजून मार खाल्ला तर काय होईल?"

मेंदूला मार कसा लागतो, ते समजून घ्या. गाडग्यात लागलेल्या दह्याची कल्पना करा. गाडगे न फुटताही एका हिसक्याने दही मोडते. कवटी म्हणजे ते गाडगे. जबड्यावर बाजूने ठोसा बसला की डोके गर्रकन फिरते आणि आतल्या मऊ मेंदूचे बारीक तंतू ताणले जातात. रक्तस्राव झालाच पाहिजे असे नाही, म्हणून सीटी स्कॅन बहुधा नॉर्मल येतो. हातमोजे वाचवतात ते मुख्यतः मारणाऱ्याची बोटे. डोक्यावरचे संरक्षक कवच जखमा कमी करते, पण आतला हिसका थांबवत नाही. १९२८ मध्येच हॅरिसन मार्टलंड या अमेरिकी डॉक्टरांनी मार खाल्लेल्या बॉक्सरांच्या अडखळत्या चालीवर आणि मंद हालचालींवर लेख लिहिला होता. स्नायू विश्रांतीने भरून येतो, हाड जुळते. मेंदूवरचे घाव मात्र साठत जातात आणि त्यांचे बिल कित्येक वर्षांनी येते.

दुसरी गोष्ट वजनाची. होम्सविरुद्ध अली सडपातळ, देखणा दिसत होता. लोक म्हणाले, "जुना अली परतला!" त्याला थायरॉइडची गोळी दिली गेली होती आणि ती त्याने सांगितल्यापेक्षा जास्त घेतली होती, हे नंतर उघड झाले. गरज नसताना किंवा जास्त प्रमाणात घेतलेली ही गोळी चरबीबरोबर स्नायूही झिजवते, हृदयाचे ठोके वाढवते, उकाडा सहन होऊ देत नाही. वजन उतरले, पण ताकदही उतरली. शेजारणीची थायरॉइडची गोळी 'बारीक होण्यासाठी' घेणाऱ्या ताईंनो, हा परिच्छेद तुमच्यासाठी आहे.

२ ऑक्टोबर १९८० रोजी लास व्हेगासमध्ये सामना झाला. एकही फेरी अलीला मिळाली नाही. दहाव्या फेरीनंतर प्रशिक्षक अँजेलो डंडी यांनी सामना थांबवला. होम्स पूर्वी अलीचाच सराव-जोडीदार होता. जिंकूनही तो रडला. तरी शहाणपण आले नाही. डिसेंबर १९८१ मध्ये बहामात ट्रेव्हर बर्बिकशी आणखी एक सामना झाला, आणखी एक पराभव झाला. १९८४ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, पार्किन्सनच्या लक्षणांचे निदान झाले. त्याचा आजार ठोशांमुळेच झाला का, यावर तज्ज्ञांत वाद आहे आणि मी त्याचा निकाल देणार नाही. पण लक्षणे दिसू लागलेल्या मेंदूला आणखी मार देणे चूक होते, हे कळायला तो वाद मिटण्याची गरज नाही.

"मग फोरमनचे काय?" असे तुम्ही विचाराल. तो दहा वर्षांनी परतला आणि १९९४ मध्ये ४५ व्या वर्षी विजेता झाला. खरे आहे. आमचे आजोबा रोज विड्या ओढून नव्वदी गाठून गेले, हेही अनेकजण मला सांगतात. तरलेल्यांच्या गोष्टी गाजतात. बुडालेले गोष्ट सांगायला येत नाहीत.

आता तुमच्याबद्दल. "डॉक्टर, परवा पडला होता, पण रिपोर्ट नॉर्मल आहे. शनिवारी मॅच आहे, फिट सर्टिफिकेट द्या." हे वाक्य मी दवाखान्यात नेहमी ऐकतो. नकार दिला की तोंडे उतरतात, कधी दुसऱ्या डॉक्टरकडून कागद आणला जातो. म्हणून स्पष्ट सांगतो.

डोक्याला मार लागून क्षणभरही गोंधळलेल्या मुलाला त्या दिवशी पुन्हा खेळवू नका. डोकेदुखी, चक्कर, विसरभोळेपणा पूर्ण थांबल्यावर, डॉक्टरांच्या सल्ल्याने, टप्प्याटप्प्यानेच खेळ सुरू करा. वारंवार उलट्या, वाढती गुंगी, झटका किंवा एका बाजूचा अशक्तपणा दिसला तर तडक रुग्णालय गाठा. पुन्हा पुन्हा मार लागत असेल तर खेळ बदलायचा विचार करा. त्यात भित्रेपणा नाही.

आणि नकार देणाऱ्या डॉक्टरवर रागावू नका. अलीभोवती 'हो' म्हणणारे पुष्कळ होते. त्याला गरज होती ती ऐकला जाईल अशा एका 'नाही'ची. तुमच्या मुलाला तो 'नाही' वेळेवर मिळू द्या.