मनसंतोष

दिवाळीची सुटी लागली की मुंबई-पुण्याचे पाहुणे मालवणला येतात. होडीने सिंधुदुर्ग पाहतात, सोलकढी पितात आणि समुद्राकडे तोंड करून चार दिवस बसतात. त्यांच्या पाठीमागे सह्याद्री उभा आहे, हे त्यांना सांगावे लागते. खरे म्हणजे आम्हां मालवणकरांनाही सांगावेच लागते!

कातळ चढण्याचा नाद असलेली मंडळी लिंगाण्यावर, नाही तर खंडाळ्याच्या नागफणीवर गर्दी करतात. त्यांना माझे कुडाळ तालुक्यातल्या शिवापूरचे आमंत्रण आहे. गावाच्या माथ्यावर मनोहर आणि मनसंतोष हे जोडकिल्ले आहेत. मनोहरगडावर पायऱ्यांनी जाता येते. आग्र्याहून सुटून आल्यावर १६६७ साली शिवाजीमहाराज तिथे महिनाभर राहिले होते. साहजिकच लोक तेवढा गड पाहतात आणि उतरतात. शेजारच्या मनसंतोषाला पायऱ्या नाहीत. म्हणजे होत्या. १८४४ साली गडकऱ्यांचे बंड पेटले, सावंतवाडीकडचे बंडवाले या किल्ल्यांच्या आसऱ्याला आले. १८४५ च्या जानेवारीत इंग्रजी फौजेने किल्ले घेतले आणि पुन्हा कुणी वर चढू नये म्हणून मनसंतोषाच्या पायऱ्या उडवून दिल्या. तेव्हापासून दोर लावल्यावाचून वर जाता येत नाही.

गेल्या डिसेंबरात आम्ही गेलो. पावसाळ्यानंतर कातळावरचे शेवाळ वाळायला तेवढा अवधी हवाच. कोल्हापूरची दोन तरबेज मुले दोर घेऊन आली होती. माझ्या वर्गातली एक विद्यार्थिनीही होती, शिवापूरचीच. तिच्या अंगणातून तो कातळ जन्मापासून दिसतो. घरातले कुणी कधी वर गेले नव्हते. निघताना आजी म्हणाली, "खंय जातास गो? थंय काय एक नाय!"

किनाऱ्यावरचा जांभा मला ठाऊक. त्याचे घर बांधावे, त्याला लोंबकळू नये. इथला काळा कातळ पक्का, पण पाऊल ठेवायला बोटभर कंगोरा. दोन पुरुष उंचीवर माझा डावा पाय शिवणयंत्रासारखा थरथरू लागला. वर्गात वीररस शिकवणाऱ्या माणसाची ही अवस्था! मुलांनी मला हळूच खाली घेतले. (घरी हे सांगितल्यावर सौभाग्यवती म्हणाली, "इंग्रजांनी पायऱ्या तुमच्यासाठीच उडवल्या असतील.")

ती मात्र चढली. मध्ये एकदा बराच वेळ थांबली; मी खालून नाव घेऊन हाक मारली, तिने उत्तर दिले नाही. मग दोर सरकला आणि ती दिसेनाशी झाली.

संध्याकाळी घरी पोचलो, तर आजी ओटीवर वाट पाहत बसलेली.

"काय आसा गो वर?"

"गवत," ती म्हणाली. आणि पाने मांडेपर्यंत त्या गवताचेच सांगत राहिली.