पट मांडा, पॅड ठेवा

शनिवार आहे, डोकं जरा रिकामं आहे, तेव्हा बरेच दिवस मनात साचलेलं एकदाचं बोलून टाकतो.

"अरे, ॲप घे की! सेम टू सेम गेम आहे. मांडायची कटकट नाही, मोजायची कटकट नाही, रूल्स वाचायची तर अजिबातच नाही." बोर्डगेमचा डबा बाहेर काढला की आमच्या कंपूतलं कुणीतरी हे वाक्य हमखास टाकतं. मंडळी, सेम टू सेम अजिबात नाहीये. ज्याला तुम्ही कटकट म्हणताय ना, अर्धा खेळ त्या कटकटीतच आहे.

कतानच घ्या. क्लाउस टॉइबर या जर्मन माणसाने १९९५ साली आणलेला खेळ. विटा, लाकूड, लोकर, धान्य, खनिज गोळा करायचं आणि रस्ते, वस्त्या बांधायच्या. नियम तासाभरात येतात. खरी मजा सौदेबाजीत. "दोन लोकर घे, एक वीट दे, आणि तुझे सात पडले तर चोर माझ्याकडे बसवू नकोस हं!" आता यातलं शेवटचं वाक्य ॲपच्या ट्रेडच्या खिडकीत कुठे भरायचं? तिथे एवढं द्या, एवढं घ्या, बरोबरची खूण नाहीतर फुली. आश्वासनाला बटणच नाही! शब्द पाळलाच पाहिजे असं नियमही म्हणत नाहीत. समोरचा पाळेल का, हे त्याच्या तोंडाकडे बघून ठरवायचं. मग तोंडच दिसत नसेल तर उरलं काय? हिशेब.

दुसरं उदाहरण कार्कासोनचं. ७२ चौकोनी टाइल्स, एकेक उचलून जोडत जायची, शहरं आणि रस्ते पुरे करायचे. कुठल्या टाइल्स येऊन गेल्या हे लक्षात ठेवणारा जिंकतो. ॲपलसाठी २०१० साली आलेलं त्याचं ॲप फार देखणं होतं, शंकाच नाही. पण जिथे आता कुठलीच टाइल बसू शकत नाही ती जागा ते आपणहून दाखवायचं. म्हणजे परीक्षेत पेपरासोबत उत्तरपत्रिकाही वाटली की हो! आणि शेवटी शेतकऱ्यांचे गुण मोजताना "हे शेत कुणाचं" यावर जे भांडण जुंपतं, ते नाहीच. आकडा आला, विषय संपला.

आता जरा आमच्या धंद्याच्या भाषेत. डब्यातलं रूलबुक म्हणजे ओपन सोर्स. नियम माणसं वाचतात, माणसंच चालवतात. पटला नाही तर चौघांच्या संमतीने बदलतात. ॲपमधे नियम मशीन चालवतं आणि तुम्ही उरता नुसते युजर इनपुट. "ही चाल का करता येत नाही?" "बटण ग्रे आहे म्हणून." झालं! शेकडो डाव खेळूनही नियम सांगता न येणारे लोक मी बघितले आहेत. नव्या माणसाला शेजारी बसवून खेळ शिकवणं त्यांना कसं जमणार?

ॲपची बाजूही आहेच. व्लादा ख्वातिलचा 'थ्रू द एजेस' पटावर पूर्ण खेळायला अख्खी दुपार जाते, त्यातला बराच वेळ सोंगट्या सरकवण्यात. २०१७ सालचं त्याचं ॲप हे सगळं बिनचूक करतं आणि शिकवतंही झकास. मित्र न्यू जर्सीत आणि तुम्ही हिंजवडीत असाल, तर दिवसाला एकेक चाल करत पंधरा दिवस डाव रंगवण्याचं सुख फक्त ॲपच देऊ शकतं. एकटे असाल तर काँप्युटरशी खेळा. त्याला कुणाची ना नाही.

माझा राग आहे तो चौघं एका खोलीत असताना टॅबलेट फिरवण्यावर. मधे मांडलेला पट एकाच वेळी चौघांना दिसतो. दुसऱ्याची पाळी असताना तुम्ही त्याचा डाव वाचत असता, हळूच टोमणा मारत असता. टॅबलेट ज्याच्या हातात, त्यालाच दिसतो. मग बाकीचे तिघं काय करतात? मोबाईल काढतात आणि ऑफिसचे मेल बघतात. आठवडाभर आपण स्क्रीनसमोरच बसलेले असतो, त्यातून चार तास कसेबसे जमवलेले असतात, आणि त्यातही पुन्हा स्क्रीनच?

वर ते ॲप तुमचं असतं असंही नाही. २०१७ साली आयओएस ११ आलं आणि ३२-बिटची जुनी ॲप्स चालायची बंद झाली. ज्यांना कुणी अपडेट केलं नाही ती, पैसे मोजून घेतलेली असोत वा नसोत, गेली. १९९५ चा कतानचा डबा मात्र आजही उघडला की चालतो. फारतर एखादी मेंढी हरवलेली असते. :)

असो. ॲपवर शिका, सराव करा, सातासमुद्रापलीकडच्या मित्राला हरवा. पण चौघं समोरासमोर असाल तर मात्र डबाच काढा. मोजताना भांडा, चोर कुणावर बसवायचा यावर भांडा, दिलेला शब्द मोडल्याबद्दल तर नक्कीच भांडा. बिनभांडणाचा डाव हवा असेल तर टॅक्स रिटर्न भरा, तेही हल्ली ऑनलाईनच असतं.