खंडेनवमीची पूजा आणि सुताराचा रंधा

आश्विन शुद्ध नवमीस, म्हणजे खंडेनवमीस, घरोघरी शस्त्रांची व उपकरणांची पूजा होते. तरवारीबरोबर सुताराची करवत, रंधा आणि पटाशी यांनाही त्या दिवशी हळदकुंकू लागते. परंतु ज्या हातात ते हत्यार वर्षभर चालते त्या हाताचा मान आमच्या समाजाने किती राखला, हा प्रश्न टाळून केलेली पूजा आम्हांस अपुरी वाटते.

वेदांस हा कमीपणा ठाऊक नव्हता. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात विश्वकर्म्याच्या सूक्तात ऋषी विचारतो की, द्यावापृथिवी ज्यातून तासून काढली ते वन कोणते आणि तो वृक्ष कोणता? जगाच्या उत्पत्तीचा विचार करताना त्याच्या डोळ्यांपुढे सुतार उभा राहिला. ऋभू तर कौशल्याच्या बळावर देवत्वास चढलेले कारागीर. त्वष्ट्याच्या एका चमसाचे त्यांनी चार चमस केले. श्रौतकर्मात रथकारास वर्षाऋतूत अग्न्याधानाचा अधिकार सांगितला आहे. पोथी धरणारा हात आणि लाकूड तासणारा हात यांच्यामध्ये पुढे जी भिंत आली, ती आमच्या अहंकाराने बांधली. 'सुतार' हा शब्द 'सूत्रधारा'वरून आला असे कीर्तनात सांगितले की श्रोते माना डोलावतात; मुलास सुतारकाम शिकवा म्हटले की त्याच माना आडव्या हलतात.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मूर्तीसाठी लाकूड आणण्याचा विधी आहे. रात्री वृक्षाची पूजा करून, त्यावर राहणाऱ्या भूतांनी बली घेऊन अन्यत्र वास करावा अशी प्रार्थना करावयाची, मगच कुऱ्हाड लावावयाची. विजेने वा वाऱ्याने मोडलेला, वेलींनी आवळलेला, मधाचे पोळे असलेला वृक्ष वर्ज्य; घड्यांनी पाणी घालून वाढविलेलाही वर्ज्यच. (पाचगणीच्या रस्त्यांवरील सिल्व्हर ओक ऑस्ट्रेलियातून आलेले व माणसांनी लावलेले, त्यांना या नियमाने अभयच मिळाले!)

पाचगणीहून पसरणीचा घाट उतरून वाईस आले की मेणवली जवळच आहे. तेथे कृष्णाकाठी नाना फडणविसांचा अठराव्या शतकातील वाडा आहे. त्याचे लाकडी खांब व तुळया पाहताना केवळ नक्षी पाहू नये, सांधे पाहावेत. एका लाकडाचे कुसू दुसऱ्याच्या भोकात असे बसवितात की वरचा भारच सांधा घट्ट करतो. आमच्या या डोंगरी मुलखात पावसाळ्यात लाकूड फुगते व उन्हाळ्यात आकसते. पण ते आडवे फुगते, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून जाणता सुतार दाराची फळी चौकटीच्या खाचेत किंचित मोकळी ठेवतो. ती खिळ्यांनी जखडली तर दोनचार वर्षांत तडकते. खांबाचा पाय मातीत न रोवता दगडी तळखड्यावर ठेवतात, तो ओल चढू नये म्हणून. हे ज्ञान बोटांत राहते आणि बोटांबरोबर जाते.

सन २०२३ मध्ये केंद्र शासनाने विश्वकर्मा योजना आणली. तिच्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साह्यही आहे. हत्यारे येतील, शिष्य कोठून यावा? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तर बाजूस ठेवून गावच्या सुतार, कुंभार, माळी यांच्याकडे काम शिकावे असे म्हटले आहे. पाचगणी तर निवासी शाळांचे गाव. तेथील मुलांनी ते दहा दिवस सहलीत न घालविता रंध्यापाशी घालवावेत.

आणि देवस्थानांच्या विश्वस्तांस एक विनंती. जीर्णोद्धार म्हणून लाकडी सभामंडप पाडून सिमेंटचा स्लॅब घालण्याचा ठराव करण्यापूर्वी एखाद्या वृद्ध सुतारास बोलावून खांब ठोकून पाहावयास सांगावे. पुष्कळदा कुजलेला असतो तो केवळ पायाकडील हातभर भाग. तेवढा कापून तेथे नवे लाकूड सांधता येते, आणि वरचा खांब जागचा हलवावाही लागत नाही.